इंदूआक्कांचा सोपा आणि माजघर

इंदूआक्कांना तुम्ही साधं "चहा घेणार का?" असं विचारून बघा. त्या चष्म्यावरून तुमच्याकडं बघतील आणि उलट विचारतील, "भाईरचं इचारालीस का आतलं?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभी होते. मी खानापूरकडची. निपाणीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आणि आक्कांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी शिष्टाचार म्हणून मी म्हटलं, "आक्का, चहा करते, घ्याल ना?" त्यावर हा प्रश्न. मी गोंधळले.

"म्हणजे कसं, आक्का?"

"भाईरचं असंल तर, नको बाई, आत्ताच झाला. आतलं असंल तर, ठेव आधण, आलं जास्त घाल."

त्या दिवसापासून मी चहा विचारायचा सोडला. सरळ आणून ठेवते.

आक्का निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. तंबाखूचे भाव, लग्नाची बोलणी, कोर्टाच्या तारखा, कुणाच्या मरणाच्या बातम्या, सगळं त्यांच्या हातून जायचं. लाईन लागली की नाही एवढं ऐकायचं आणि कान काढायचा, हा त्यांचा नियम. "ऐकू आलंच तर?" मी एकदा विचारलं. "आलं तर आलं. एक्स्चेंजातच सोडून घरला यायचं. डबा तेवढा घेऊन यायचा." पुढं यंत्रं बदलली, आक्कांना बिलाच्या खिडकीवर बसवलं, मग त्या निवृत्त झाल्या. मालक, म्हणजे आक्कांचे यजमान, आधीच वारले होते. मूलबाळ नाही. घरात त्या, एक लँडलाइन, आणि एक वेबसाइट.

हो, वेबसाइट. बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासात कॉलेजच्या पोरींशेजारी बसून आक्का शिकल्या आणि स्वतःची वेबसाइट करून बसल्या. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून एकदा मदत करायला गेले तर म्हणाल्या, "तू बेडूक शिकव, टीचर. हे माझं मी बघतो." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात.

त्या एकाच वेबसाइटवर त्यांचे दोन ब्लॉग. पहिलं पान उघडलं की दोन दारं दिसतात. एकावर लिहिलंय 'सोपा'. आमच्याकडं घराच्या पुढच्या बैठकीला सोपा म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकायची जागा. दुसऱ्यावर 'माजघर'. सोप्यावर बोट लावलं की पान उघडतं. माजघरावर लावलं की पासवर्ड मागतं आणि खाली आक्कांच्या शब्दांत ओळ येते: 'कोण? निरोप धाडल्याबिगार आत येऊ नये.'

सोप्यात आक्का गावाबद्दल लिहितात आणि गाव ते चवीनं वाचतं. मला आवडलेली काही वाक्यं सांगते. एका लग्नाबद्दल: 'सांबार पातळ. मठ्ठा बरा. पाहुण्यांची भाषणं मठ्ठ्यापेक्षा लांब.' बसस्टँडबद्दल: 'गाडीचा बोर्ड कन्नडमधी, कंडक्टर मराठी, भांडण हिंदीत. गाडी मात्र कोल्हापूरला येळेत पोचली.' एका डेअरीबद्दल: 'दूध चांगलं हाय. पाणीबी चांगलं हाय. दोन्ही येगळं दिलं तर बरं.' डेअरीवाला तणतणत आला होता. आक्कांनी त्याला खुर्ची दिली आणि त्याच्याच दुधाचा चहा पाजला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला आणि निघाला.

आक्का सोप्यात कुणाचं नाव घेत नसत आणि लिहिलेला शब्द मागंही घेत नसत. "खरं हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायच्या.

पण गावाला खरी ओढ होती माजघराची. एवढी वर्षं गावाचे फोन जोडलेली बाई कुलूप लावून आत काय लिहीत असेल? समोरच्या घरातले आप्पा तंबाखूचे व्यापारी. एरवी कुणाला भीक न घालणारे. ते मला पायरीवर गाठून हळूच विचारायचे, "टीचर, माजघरात आमचं काय लिवल्यात काय हो?" तरुणपणी ते हुबळीला बरेच फोन करायचे म्हणे, आणि ते सगळेच काही तंबाखूचे नव्हते. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून आक्कांना आंब्याची पेटी यायची. "आप्पा, कशाला हो?" असं आक्का म्हणायच्या, आणि पेटी ठेवून घ्यायच्या.

आप्पांचं मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "त्यांचं काय बी न्हाय माजघरात. पर सांगू नगंस. आंबं चांगलं असत्यात."

"मग आत आहे तरी काय?"

"भाईरचं इचारालीस का आतलं?"

"आतलं."

"मग न्हाय सांगत," असं म्हणून त्या लसूण सोलायला लागल्या.

मी एवढंच बघितलं होतं की रोज सकाळी पूजा झाली की आक्का मोबाईल घेऊन माजघरात काहीतरी लिहितात, आणि दुपारी परत उघडून बघतात. बघून झालं की चेहऱ्यावर समाधान येतं. कुणीतरी पोचल्याचा फोन केल्यावर येतं तसं.

मग तो बाजाराचा दिवस आला.

मला सुट्टी होती. माडीवर वह्या तपासत बसले होते. मोबाईल वाजला: सोप्यात नवं काहीतरी आलंय. सोप्यावर काही आलं की गल्लीतले सगळे मोबाईल एकदम वाजतात, हे तुम्हाला आमच्याकडं आल्यावर कळेल. मी उघडलं आणि वाचायला लागले.

'विमे, काल घोसावळ्याची भाजी केली. तुला आवडत न्हाय म्हणून लई दिवस करत न्हवतो. मग म्हटलं, तू कुठं जेवायला येतीस? म्हणून केली. बरी झालती. एकटीला एक घोसावळं जास्त हुतंय. उरलेली रातीला खाल्लो. काल तुझी साडी नेसलो हुतो. रंग गेला म्हणून लिवलो ते खरं हाय, ते मी मागं घेत न्हाय. पर रंग गेल्यावर सूत इतकं मऊ झालंय की अंगावर साडी हाय का न्हाय कळत न्हाय. हे बी तवाच लिवायला पायजे हुतं. ते लिवायचं ऱ्हायलं. माझा गुडघा बरा हाय. तुझा?'

दोनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सोप्यातलं नव्हतं. वेबसाइटचं रूप त्या आठवड्यात बदललं होतं, बटणं इकडची तिकडं झाली होती, आणि आक्कांनी माजघरातलं सोप्यात टाकलं होतं.

मी चप्पल न घालता खाली पळाले. दाराला कुलूप. आक्का पिशवी घेऊन बाजाराला गेलेल्या, आणि त्यांचा मोबाईल खिडकीत, आतल्या बाजूला, चार्जिंगला. काचेतून मला तो दिसत होता. काही करता येत नव्हतं.

समोरून आप्पा मोबाईल धरून बाहेर आले. "टीचर, हे माजघरातलं काय?"

"दिसतंय तसंच."

"एवढंच?" त्यांचा आवाज पडला होता. वर्षानुवर्षं धास्ती घेतली, आंबे दिले, आणि आत निघालं घोसावळं. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "विमे म्हंजे विमल, आक्कांची धाकटी बहीण. बेळगावच्या शहापूरला दिलीया. बोलत न्हाईत दोघी."

आक्का परत आल्या त्या गोंधळलेल्याच. "आज गावाला काय झालंय गं? भाजीवाली न मागता म्हनली, आक्का, घोसावळं देऊ काय? एकटीसाठी ल्हान बघून देतो."

मी मोबाईल आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं. शांतपणे ते पान काढून टाकलं, भाजी निवडायला घेतली, आणि शेवग्याची शेंग मोडता मोडता पहिल्यांदाच मला सगळं सांगितलं.

विमलच्या घरी साड्या विणायचे माग आहेत. एका लग्नात तिनं आक्कांना घरच्या मागावरची सुती साडी नेसवली. आक्कांनी ती धुतली, रंग गेला. तेव्हा वेबसाइटवर एकच ब्लॉग होता. आक्कांनी त्यात लिहिलं: 'शहापूरची नवी साडी. पयल्या धुण्यात रंग बादलीत, साडी दोरीवर.' नाव घेतलं नव्हतं. पण शहापूरच्या गल्लीत कुणाची साडी निपाणीला गेली हे सगळ्यांना माहीत होतं. विमलच्या मालकांना मागावर बसल्या जागी लोक विचारायला लागले, "रंग कुठल्या बादलीत गेला हो?" विमलनं फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "आक्का म्हणून साडी दिलतो, गिऱ्हाईक म्हणून न्हाय." आणि बोलणं बंद.

"तवा मी दोन खोल्या केल्या," आक्का म्हणाल्या. "म्हटलं, सगळंच खरं सोप्यात मांडायचं नसतंय. एका पाव्हण्याच्या लग्नात तिच्या पोरानं तिचा ई-मेल चिठ्ठीवर लिवून दिला, गुपचूप. तिला एकटीलाच माजघरात बोलावलो. तवापास्नं रोज लिवतो. ती उत्तर देत न्हाय. पर वाचती. हे बघ, रोज खाली येतंय, वाचक एक."

आक्कांनी दाखवलं. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात: वाचक १. रोज दुपारी उघडून बघायच्या ते हे होतं.

दुपारची जेवणं झाली आणि लँडलाइन वाजली. आक्कांचे हात भांड्यात होते. त्यांनी कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं.

"इंदाक्का, मी विमल."

आक्कांचं पातेलं हातातच राहिलं. "बोल."

"घोसावळं मला आवडत न्हाय हे साऱ्या जगाला कशापायी सांगितलीस गं? सासूबाईंच्या मोबाईलवर आलं. त्या म्हनल्या, इतकी वर्सं मी करून घालतो आणि तू गप खातीस व्हय? आता त्या जेवाय तयार न्हाईत!"

"मग मी काय करू? तुला आवडत न्हाय हे खरं हाय."

"सगळं खरं तूच सांगायला पायजे काय? आणि साडी! पयलं धुणं मिठाच्या पाण्यात, येगळं, असं मी सांगितलं न्हवतं?"

मी आक्कांकडं बघत होते. लिहिलेला शब्द कधी मागं न घेणाऱ्या आक्का. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"सांगितलीस की," त्या म्हणाल्या. "मीच इसरलो. चादरीसंगट टाकलो."

मग विमल म्हणाली, "हे लिवलीस काय कुठं?"

"लिवतो. आजच लिवतो. सोप्यात लिवतो. तुझ्या मालकांचं नाव घालून लिवतो." आक्कांचा आवाज मोकळा झाला तशी त्यांची जुनी धारही परत आली. "पर तू बी लई घट्ट हाईस विमे. रोज वाचतीस आणि एक अक्षर उलट धाडत न्हाईस."

"काय वाचतो?"

"माजघर."

"कसलं माजघर? मला आजच कळालं, ते बी सासूच्या मोबाईलवर."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. चिठ्ठी देवघराच्या फळीवर होती. आक्कांनी ती आणून स्पीकरसमोर वाचली: विमल, आणि त्यापुढं सात.

"सात न्हवं, एक!" विमल ओरडली. "आमचा पोरगा इंग्रजी एकला टोपी घालतो."

बहिणी पुढं संध्याकाळपर्यंत बोलल्या. मी वर निघून गेले, तरी आवाज वर येत होता. हसण्याचा, भांडण्याचा, परत हसण्याचा. त्याच दिवशी सोप्यात आलं: 'साडी चांगली हुती. धुणारी वाईट.' खाली शहापूरच्या माणसाचं नाव आणि गल्ली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पुढच्याच आठवड्यात गाडी करून जाऊन तिथून साड्या आणल्या.

सगळं छान झालं म्हणायचं. पण आक्का अस्वस्थ होत्या. विमल वाचत नव्हती, तर रोज वाचत कोण होतं? "मी लाईन जोडून दिली आणि तिसरंच माणूस कान लावून बसलंय," त्या म्हणत. त्यांच्या लेखी याहून मोठा गुन्हा नाही. त्यांनी त्या सात नंबरच्या विमलला माजघरातून काढून टाकलं आणि माजघरच बंद केलं. विमलशी आता रोज फोन होत होता; लिहायची गरजही नव्हती. तरी पूजा झाल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या, आणि परत ठेवायच्या.

काही दिवसांनी शाळेतून आले तर आक्का सोप्यात माझी वाट बघत बसलेल्या. आपल्या घराच्या सोप्यात, खऱ्या. मोबाईल पुढं केला. "वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा वल्ला झालाय."

ई-मेल होता. मराठीत, पण लिहायची सवय मोडलेली असावी तसं तुटक.

'ताई, मी ती विमल नव्हे. मी दावणगेरीची. माझं माहेर संकेश्वराकडं. लग्न होऊन इकडं आले, घरात सगळे कन्नड बोलतात. माझे मालक माझ्यासाठी मराठी शिकले होते. ते गेले, तेव्हापासून घरात माझ्याशी मराठी बोलायला कोणी नाही. मुलं, सुना चांगली आहेत. पण घोसावळं म्हटलं तर त्यांना कळत नाही, तुप्पद हीरेकाई म्हणावं लागतं. तुमचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं, माहेरच्या कोणीतरी आठवण काढली. पहिल्याच दिवशी कळलं की विमे म्हणजे मी नव्हे. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही दार लावलं असतं. रोज सकाळी तुमचं वाचायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि मग कामाला लागायचं, असं माझं झालं होतं. आता उघडत नाही. रागावला असाल तर बरोबरच आहे. गुडघा कसा आहे तेवढं कळवा.'

माझं वाचून झालं. आक्का रस्त्याकडं बघत होत्या. समोरून विड्यांची सुपं घेऊन बायका चालल्या होत्या.

"परत वाच," आक्का म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"मोठ्यानं वाचायची म्हणं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "माझं." मग एकदम उठल्या. "टीचर, ही गाडी जाती न्हवं दावणगेरीला? बंगळूरची?"

"जाते की. हाच हायवे सरळ."

"मग उद्या जातो."

"आक्का, असं कसं? आधी कळवा तरी."

"कळवतो. पर जातो."

आक्का कोल्हापूरच्या पुढं आणि बेळगावच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. पिशवीत घोसावळी, भडंग, आप्पांनी स्वतःहून आणून दिलेले आंबे आणि मीठ घालून धुतलेली एक नवी शहापुरी साडी. बेळगावला विमल चढणार होती. तिनं फोनवरच सांगून ठेवलं होतं, "माझ्या नावावर तिनं एवढं वाचलंय, ती बाई हाय तरी कशी ते मला बी बघायचंय. आणि खिडकी माझी."

गाडी गेली. माडीवरची खोली मला त्या दिवशी मोठी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून मी आक्कांच्या मोबाईलवर फोन लावला. पलीकडं आधी एक अनोळखी आवाज ऐकू आला. आक्कांचा नव्हे, दूरचा, घाईघाईनं बोलणारा. एका वाक्यात संकेश्वरची जत्रा, आईच्या हातची आंबील, शाळेतली मैत्रीण. शब्द मधेच अडत होते, कन्नडमधे जात होते, आणि धडपडत परत मराठीत येत होते. थांबत नव्हते.

"आक्का, पोचलात ना नीट?" मी म्हटलं. "जेवण झालं का?"

आक्का अगदी हळू आवाजात बोलल्या. सगळ्या गावाला ऐकवणाऱ्या आक्कांचा इतका हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"न्हाय अजून. पानं वाढून ठेवल्यात. विमी बी गप बसलीया," त्या म्हणाल्या. "तिला आधी बोलू दे. लई दिसांचं हाय."